‘सेकंड शिफ्ट’ कोण गाणार?

डेल्मस वेदर्सचा फोन आला तेव्हा मी कोंबड्यांच्या शेडमध्ये होते, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात दोन मेलेल्या कोंबड्या. फोन मान वाकडी करून खांद्यात धरला.

“व्हर्ना, पहिला नंबर! अगं, पहिला!”

“कशात? मेलेल्या कोंबड्यांत?”

डेल्मस आमच्या डोंगरावरच्या छोट्याशा रेडिओवर शनिवारी दुपारी गाणी लावतो. त्या उन्हाळ्यात त्याने ऐकणाऱ्यांकडून मतं मागवली होती, की नुकत्याच संपलेल्या दहा वर्षांतलं आपल्याकडचं सगळ्यात लाडकं रेकॉर्ड कुठलं. आपल्याकडचं म्हणजे नॅशव्हिलवाले ज्याला कंट्री म्हणायला तयार नाहीत आणि बाकीचे ज्याला रॉक म्हणायला तयार नाहीत, ते. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. गिटार दणक्यात, गोष्ट सावकाश, आणि गाणाऱ्याचे उच्चार त्याच्या आईसारखे. तर लोकांनी अटलांटा-मेम्फिसचे नावाजलेले बँड बाजूला सारून आमच्या ‘सेकंड शिफ्ट’ला उचलून धरलं होतं.

ते रेकॉर्ड आम्ही दोन हजार चारमध्ये आईच्या घरामागच्या पंपाच्या खोलीत केलं. म्हणून बँडचं नाव पंपहाऊस बॉइज. त्यातली बेस गिटार वाजवणारी ‘बॉय’ म्हणजे मी. गाणी लिहायचा आणि गायचा माझा धाकटा भाऊ रॉयस. आमची आई खाली खोऱ्यातल्या मोज्यांच्या गिरणीत वर्षानुवर्षं दुपारपाळी करायची, आणि रेकॉर्डवरची सगळी गाणी त्या पाळीची. मोज्यांचे अंगठे शिवणाऱ्या बायकांची, शाळेतून येऊन गार बिस्किटं खाणाऱ्या पोरांची, गिरणी नको म्हणून फौजेत गेलेल्यांची. रेकॉर्ड निघालं आणि पुढच्या दोन-चार वर्षांत खोऱ्यातल्या बहुतेक गिरण्यांना कुलपं लागली. मग ती गाणी आमची राहिलीच नाहीत. लोक ती ट्रकमध्ये लावायचे, लग्नात लावायचे, मयतालाही लावायचे.

“तर ऑक्टोबरात हायस्कूलचा जिम हॉल घेतलाय,” डेल्मस म्हणाला. “अख्खं रेकॉर्ड, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. आणि शनिवार असा शोधलाय, की अलाबामाची फुटबॉल मॅच नाही.”

“शहाणा आहेस. गाणार कोण?”

डोंगरावर कुणाला माहीत नव्हतं? आदल्या वर्षी डॉक्टरांनी कॅन्सरबरोबर रॉयसचं स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. आता गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास तिथूनच. इस्पितळाने एक यंत्र दिलंय. ते गळ्याला टेकवलं की घरघरत का होईना बोलता येतं. रॉयसने ते पहिल्याच दिवशी चमच्यांच्या खणात टाकलं. माझ्याशी तो नुसते ओठ हलवून बोलतो. बाकीच्यांशी बोलतच नाही.

“नॅशव्हिलचा एक पोरगा तयार आहे,” डेल्मस चाचरत म्हणाला. “चांगलं नाव आहे त्याचं. रॉयसची सगळी गाणी पाठ आहेत त्याला. मी काल रॉयसकडे जाऊन आलो. त्याने मान डोलावली.”

“म्हणजे मला नंतर विचारतोयस?”

“तुझी भीती वाटते ना, बाई.”

मी कोंबड्या बादलीत टाकल्या आणि ट्रक काढला.

रॉयस व्हरांड्यात बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होता. गळ्याभोवती रुमाल. मला बघून त्याने नुसती खुर्ची पायाने पुढे ढकलली. मी बसले नाही.

“नॅशव्हिलचा पोरगा? त्याच्या आईने आयुष्यात एक मोजा तरी शिवलाय का रे?”

‘मोजा घालत असेल,’ रॉयसचे ओठ म्हणाले.

“विनोद नको करूस.”

‘गाऊ दे त्याला. गाणारा मेला, बँड मेला.’

“गाणारा माझ्यासमोर बसून शेंगा सोलतोय. आणि निम्म्या खालीच सांडतोय.”

त्याने शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं आणि आत निघून गेला. जाळीचं दार आपटलं. आमच्याकडे माणसाचं बोलणं संपलं, की दार बोलतं.

मी तिथेच पायरीवर उभी राहून ठरवलं. ‘सेकंड शिफ्ट’ गायलं जाईल तेव्हा रॉयस लोकांसमोर मधोमध उभा असेल. नाहीतर ते गायलंच जाणार नाही, मग रेडिओ गेला उडत. कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं. पण कसं करायचं हे ठाऊक नसताना मी नवरा सोडला, कोंबड्यांच्या शेड उभ्या केल्या आणि बेस शिकले. तेव्हा त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. संध्याकाळी डेल्मसला फोन करून सांगितलं, “तुझ्या पोराला कळव, घरी बस म्हणावं. माझा भाऊ, नाहीतर कुणी नाही.”

“अगं, पण त्याला आवाज...”

“ते माझ्यावर सोड.”

वाट सापडली ती ओमा मावशीमुळे. ओमा मावशी आईची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे, वजन एखाद्या कोंबडीएवढं आणि दरारा शेरीफचा. तिला आता गाडी चालवता येत नाही, म्हणून रविवारी तिला चर्चमधल्या फासोला गाण्याला पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. आमच्या पणज्या गायच्या तसंच अजून गातात. वाद्य नाही, माइक नाही. बाकं चौकोनात मांडायची, चारी बाजूंना चार वेगळ्या सुरांची माणसं समोरासमोर बसवायची. आधी फा-सो-ला म्हणत चाल गायची, मग शब्द. मधल्या मोकळ्या जागेत एक जण उभा राहतो आणि हात वर-खाली करून ताल देतो. समोर ऐकणारं कुणी नसतं. आलास तर गा, नाहीतर घरी जा.

मी लहानपणी हे सगळं केलंय. रॉयसनेही. मग आम्हाला गिटारी मिळाल्या आणि आम्ही शेपटीला आग लागल्यासारखे तिथून पळालो. त्या रविवारीही मी मागच्या बाकावर कंटाळून बसले होते, बाहेर जेवणाची टेबलं लागतायत त्याकडे डोळे लावून. तेवढ्यात मावशीने मधे येणाऱ्याचं नाव पुकारलं, “यर्ल हॅम्रिक.”

यर्ल हॅम्रिकला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. एक बाजू गेलेली, जीभ गेलेली. त्याला चाकाच्या खुर्चीतून मधे नेलं. त्याने डावा हात वर उचलला, खाली आणला, आणि चारी बाजूंनी सत्तर माणसं अशी सुटली की खिडकीची काच थरथरली. यर्लच्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता. आणि तरी ते गाणं त्याचंच होतं. तो हात थोडा संथ करायचा, माणसं संथ व्हायची. तो पुढे झुकायचा, आवाज चढायचा.

परतीच्या वाटेवर मी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला.

“पंक्चर?” मावशी म्हणाली.

“मावशी, रॉयसची गाणी चौकोनात गाता येतील?”

तिने गॉगल काढून माझ्याकडे बघितलं. “ती दारूची गाणी?”

“आईची गाणी आहेत ती.”

मावशीने गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, “चार सुरांत बसवावी लागतील. कॉफी कर आणि उद्या ये.”

त्यानंतरचे कित्येक आठवडे मी कोंबड्यांचं आवरून मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. मी बेसवर चाल वाजवायची आणि मावशीने ती कागदावर त्रिकोण, चौकोन, गोलात उतरवायची. आमच्याकडे प्रत्येक सुराच्या टिकलीचा आकार वेगळा असतो, पोरसुद्धा वाचतं. पण मावशी शब्दांवर अडायची.

“यात व्हिस्की चारदा आहे.”

“मावशी, अमोस मामा व्हिस्की गाळायचा. जंगलात. तुझ्याच किटलीत.”

“म्हणून चर्चमधली माणसं ती गातील?”

“जिममध्ये गातील. चर्चमध्ये कोण म्हणतंय?”

“तोंडाचा पट्टा आवर. आणि हे बघ. गाणं म्हणजे गाणं. माझी माणसं येणार असतील तर रीत पाळायची. माइक गळ्याशी नाही, टाळ्या नाहीत, स्टेज नाही, आणि बाकीचंही सगळं.”

“हो मॅम.”

“विचार करून म्हण.”

“म्हटलं ना, हो मॅम.”

डेल्मसला स्टेज नाही म्हटल्यावर घाम फुटला. “लोक बघायला येणार आहेत, व्हर्ना!”

“मग रेडिओवर सांग, बघायला येऊ नका. गायला या. चाल सगळ्यांना पाठ आहे, बाकीचे सूर मावशीची माणसं सांभाळतील.” शेवटी छताला एकच माइक टांगायचा यावर भांडण मिटलं.

एवढं सगळं होईपर्यंत रॉयसला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, आणि एकदा नाही म्हणाला की तो आणि खेचर सारखेच. मी मावशीकरवी निरोप धाडला, की चर्चची बाकं जिममध्ये न्यायची आहेत, तुझा लांब ट्रक लागेल. ओमा मावशीला नाही म्हणणारा पुरुष या डोंगरावर जन्मलेला नाही. रॉयस सकाळीच आला, ड्रमवाला लॅमार आणि त्याने मिळून बाकं वाहिली. लॅमार आता मालट्रक चालवतो, त्याने त्या दिवसाची खेप सोडली होती. रॉयसने बाकं चौकोनात मांडली, कोपरे नीट जुळवले. मग मधल्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर पडला. त्याला कळलं होतं.

दुपारपर्यंत जिम भरला. मावशीची माणसं पुढच्या बाकांवर कागद घेऊन. मागे घड्या घालायच्या खुर्च्यांवर आणि त्याही मागे पायऱ्यांवर आमची माणसं. गिरणीतल्या बायका, टोप्या घातलेले पोल्ट्रीवाले, बर्मिंगहॅमहून आलेली दाढीवाली पोरं. बाहेर टेबलांवर तळलेलं चिकन, भेंडी, तीन-तीन प्रकारचं बटाट्याचं सॅलड झाकून ठेवलेलं. बेस वाजवणारी मी, पण मावशीने मला मूळ चाल गाणाऱ्यांच्या पहिल्या बाकावर बसवलं. ती कडेला खुर्ची टाकून बसली. प्रार्थना झाली. मग तिने पुकारलं.

“रॉयस टिडमोर.”

कुणी उठलं नाही. पायऱ्यांवरून कुणीतरी खोकलं. डेल्मसने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं घर पेटवलंय. मी उठले आणि बाहेर गेले.

रॉयस ट्रकच्या मागच्या फळीवर बसला होता. एवढं ऊन, तरी रुमाल घट्ट आवळलेला.

“नाव पुकारलंय तुझं.”

‘घसा नाही मला.’

“घसा मागितलाय कुणी? हात आहे ना?”

‘मला यर्ल हॅम्रिक बनवायला निघालीस.’

“यर्ल हॅम्रिक तुझ्यापेक्षा धीट आहे. आत बसलाय, खुर्चीत. शेपूट घालून पार्किंगमध्ये नाही बसला.”

तो संतापला. पूर्वी संतापला की डोंगर हलायचा. आता नुसता गळ्याच्या भोकातून फुसकन वारा निघाला, आणि त्याला स्वतःलाच त्याची लाज वाटली. त्याने तोंड फिरवलं. मला रडू आलं, पण मी रडले नाही. मी त्याच्या शेजारी फळीवर चढून बसले आणि त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. ओठ दिसले नाहीत तर मला ऐकू कसं येणार?

“खरं काय ते सांग.”

मग ओठ हलले, अगदी सावकाश. ‘ते छान गातील. माझ्याशिवाय छान गातील. मग माझं काय उरलं?’

मी खोटं बोलू शकले असते. तुझ्याशिवाय कसं जमेल रे, असं म्हणायचं असतं अशा वेळी. पण तो माझा भाऊ आहे, त्याला माझं खोटं लांबून ओळखू येतं.

“हो,” मी म्हटलं. “छान गातील. तुझ्याशिवाय गेली सहा वर्षं गातच आहेत, ट्रकमध्ये, मोरीत, कब्रस्तानात. तू स्टेजवर होतास तेव्हा तुझ्या कानात तुझाच आवाज असायचा. ते कसे गातात हे तू कधी ऐकलंच नाहीस. मी ऐकलंय. मी बाजूला उभी असायचे. माझी एवढीच इच्छा आहे, की तू एकदा मधे उभं राहून ऐकावंस. नंतर तुला जन्मभर शेंगा सोलायच्या असतील तर सोल. मी भांडं धरेन.”

त्याने रुमालाची गाठ आणखी आवळली.

“आणि तू येत नाहीस तोवर मीही उठत नाही. आत तीनशे माणसं आहेत, आणि बाहेर चिकन गार होतंय. मावशी बाहेर आली तर ती तुझ्याशी बोलेल, मी नाही.”

‘हलकट आहेस तू,’ त्याचे ओठ म्हणाले.

“आहेच.”

तो फळीवरून उतरला.

चौकोनात पाऊल टाकताना त्याने रुमाल सैल केला. कुणी टाळी वाजवली नाही. रीत नाही म्हणून, की धाक होता म्हणून, कोण जाणे. एका म्हाताऱ्याने सूर दिला, चारी बाजूंनी तो धरला गेला. रॉयसने हात वर केला. मला आठवलं, त्याला हे सगळं येतं. वयाच्या सातव्या वर्षी तो आईचा हात धरून या चौकोनात उभा राहिला होता. हात खाली आला.

आधी फा-सो-ला. दाढीवाली पोरं गोंधळली. मग शब्द आले आणि ते तीनशे घशांतून आले. समोरून गिरणीतल्या बायका, डावीकडून पोल्ट्रीवाल्यांचे खर्जातले आवाज, मागून पायऱ्यांवरची तरणी पोरं. फासोलावाले कधीच हळू गात नाहीत, नाजूकपणा त्यांना ठाऊक नाही. आईच्या दुपारपाळीचं ते गाणं रॉयसने गिटारवर जवळजवळ पुटपुटत गायलं होतं. आता ते भिंतीसारखं उभं राहिलं, आणि चारी भिंतींच्या मधे तो एकटा.

दुसऱ्या कडव्यात त्याचा हात थांबला. वर गेलेला तसाच राहिला, मग खाली पडला. त्याचे खांदे हलत होते. कुणी गायचं थांबलं नाही. आमच्याकडे मधला माणूस ढासळला तर पहिला बाक ताल सांभाळतो. मी हात उचलला, शेजारच्या बाईने उचलला, अख्ख्या बाकाचे हात वर-खाली होऊ लागले. रॉयसने ते हात पाहिले. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि पुढच्या ओळीला आमच्यात येऊन मिळाला.

गाणं संपलं. आणि मावशीने कागदावर बघून पुकारलं, “लॅमार प्रूइट.”

‘बाकीचंही सगळं,’ असं मावशी म्हणाली होती आणि मी बेधडक हो म्हटलं होतं. बारमधल्या इतक्या वर्षांत मी मुळातलीच गोष्ट विसरले होते. चौकोन कुणा एकाचा नसतो. एका माणसाने एक गाणं घ्यायचं आणि बसायचं, मग पुढचं नाव. मावशीने धर्मोपदेशकालासुद्धा दुसरं गाणं दिलेलं नाही. दारात तिने हौशी मंडळींची नावं लिहून घेतली होती, आणि मी चिकनची टेबलं मोजत होते.

लॅमार अर्धवट उठला. पण रॉयस मधून हलला नाही.

“रॉयस, बस आता,” मावशी म्हणाली. “एकाला एकच.”

रॉयसने मान हलवली. नाही. ज्याला आत आणायला मला फळीवर धरणं धरावं लागलं, तो आता बाहेर जायला तयार नव्हता.

लॅमार खाली बसला. “मॅम, मी नाव मागे घेतो.”

“नाव मागे घेता येत नाही. डेल्मस वेदर्स!”

“मॅम, माझा हात दुखतोय.”

“कुठला?”

“दोन्ही.”

पायऱ्यांवर हशा पिकला. मावशीच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. “फॅनी बेल क्रॉली!”

फॅनी बेल उठलीच नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “ओमा, मी एकवीस वर्षं तुझ्या बहिणीच्या शेजारच्या मशीनवर बसले. हे गाणं तिचं आहे आणि पोरगं तिचं आहे. तू दिवसभर माझं नाव घेतलंस तरी मी इथून उठायची नाही.”

मावशीने कागदाकडे पाहिलं. रॉयसकडे पाहिलं. तो सात वर्षांच्या पोरासारखा तिथे पाय रोवून उभा होता. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्स बंद केली, खुर्चीत ताठ बसली आणि आत्ताच दारातून कुणी नवा माणूस आल्यासारखं खणखणीत पुकारलं.

“रॉयस टिडमोर.”

तो आमच्या बाकाकडे वळला. दुसऱ्या गाण्याचा सूर दिला गेला. त्याने हात वर केला आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. पंपाच्या खोलीत प्रत्येक गाण्याआधी जसा कपाळाला आठी घालून बोलायचा, अगदी तसा.

‘व्हर्ना, मागच्या वेळी ऐकू आली नाहीस. मोठ्याने.’

मी मोठ्याने गायले.